बाइकला कॅमेरा लावायचाय? आधी कार्डाचं बघा

दोन वर्षांपूर्वी भूमकर चौकात एका टेम्पोने मला डावीकडून घासलं. मी पडलो नाही, पण आरसा गेला आणि गुडघ्यापाशी पँट फाटली. टेम्पोवाला उतरला आणि म्हणाला, "तुम्हीच घुसलात मधी." मी मोठ्या तोऱ्यात हँडलकडे बोट दाखवलं, "कॅमेरा आहे, सगळं रेकॉर्ड झालंय." गाडी कडेला घेतली, कार्ड काढून मोबाइलला जोडलं. चार दिवसांपूर्वीच्या फाइली छान उघडत होत्या. त्या सकाळच्या फाइलींची नावं दिसत होती, आकारही दिसत होता, पण एकही उघडेना. टेम्पोवाला खांद्यावरून वाकून बघत होता. "दाखवा की," म्हणाला.

आरशाचे पैसे मीच भरले. घरी येऊन कार्ड तपासलं, तर वर १२८ जीबी छापलेलं आणि आत खरी जागा ८ जीबी. कॅमेरा घेताना मी आठवडाभर व्हिडिओ बघितले होते, रिव्ह्यू वाचले होते, कार्ड मात्र "त्याच्यासोबत फुकट" आलं म्हणून तसंच घातलं होतं. तेव्हापासून कुणी "स्वस्तात बाइकचा कॅमेरा सुचव" म्हणालं की मी कॅमेऱ्याच्या नावापर्यंत फार उशिरा पोचतो. इथेही तोच क्रम ठेवतोय.

पायरी १ : पुरावा हवाय की आठवण?

हे आधी ठरवा, कारण दोन्हींसाठी लागणारी वस्तू वेगळी आहे.

रोज वाकड-हिंजवडी किंवा ठाणे-अंधेरी करणाऱ्याला पुरावा हवा असतो. त्याला किल्ली फिरवली की आपोआप सुरू होणारं, कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहिणारं, आणि रोज लक्षात ठेवावं न लागणारं काहीतरी पाहिजे. रविवारी ताम्हिणीत किंवा आंबोलीत जाणाऱ्याला आठवण हवी असते. त्याला स्थिर चित्र, चांगले रंग आणि जमलं तर स्वतःचा आवाज हवा.

पहिल्यासाठी दुचाकीचा डॅशकॅम असतो. एक लेन्स पुढे हेडलाइटखाली, एक मागे नंबरप्लेटजवळ, मधला डबा सीटखाली आणि वीज गाडीच्याच बॅटरीतून. दुसऱ्यासाठी ॲक्शन कॅमेरा, म्हणजे गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६०, एसजेकॅम, अकासो वगैरे मंडळी. बहुतेक नवखे पुराव्यासाठी म्हणून ॲक्शन कॅमेरा घेतात. पहिला आठवडा रोज लावतात, दुसऱ्या आठवड्यात चार्ज करायला विसरतात आणि महिन्याभरात तो कपाटात जातो. मीही त्यातलाच. तुमचं काम फक्त रोजच्या रस्त्याचं असेल तर डॅशकॅमचा विचार आधी करा. यूट्यूबवर तो रुबाबदार दिसत नाही, पण टेम्पोवाल्यासमोर उपयोगी पडतो.

हातातला मोबाइलच हँडलला लावून रेकॉर्ड करावं हा विचारही मनात येतो. नका करू. नकाशापुरता मोबाइल वेगळा, तरी त्यातही धोका आहेच. मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर ठेवायला लेन्स किंवा सेन्सर अगदी बारीक हलत असतो, आणि इंजिनाच्या सततच्या कंपनाने तो भाग बिघडू शकतो. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनबाबत मोटारसायकलचं नाव घेऊन हा इशारा दिला होता.

पायरी २ : जागा – हँडल की हेल्मेट

हँडलची मोठी सोय म्हणजे क्लॅम्प एकदा घट्ट केला की झालं. मानेवर वजन नाही आणि बटण हाताशी. अडचण कंपनाची. एकसिलिंडर गाडी ४००० आरपीएमला मिनिटाला ४००० वेळा हिसका देते, म्हणजे सेकंदाला सुमारे ६६. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर एकेका चित्रात दोन हिसके येतात. त्यात स्वस्त सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. वरची ओळ वाचून होते तोवर खालची सरकलेली असते, आणि मग रस्ता, झाडं, ट्रक सगळं जेलीसारखं थरथरताना दिसतं. माझ्या ३५० सीसीच्या गाडीवरचं पहिलं फुटेज असंच होतं. बायकोने दोन मिनिटं बघून विचारलं, "तुला गाडी चालवताना पण असंच दिसतं का?"

यावर उपाय आहेत. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. क्लॅम्प हँडलच्या टोकाला न लावता मधे, स्टेमच्या जवळ लावा, तिथे हादरे कमी बसतात. लांब दांडा टाळा, कारण दांडा जितका लांब तितकं थरथरणं जास्त. ताकदीचा प्लॅस्टिक क्लॅम्पही चार महिन्यांत ढिला होतो, म्हणून थोडे जास्त देऊन ॲल्युमिनियमचाच घ्या. स्कूटरवाल्यांना उघडं हँडल मिळत नाही, त्यांनी आरशाच्या दांड्यावर बसणारा क्लॅम्प शोधावा. स्कूटरचं इंजिन त्या मानाने शांत, चित्र बरं येतं.

हेल्मेटवर लावलेल्या कॅमेऱ्याला तुमची मान हादरे गिळून देते. म्हणूनच स्वस्त कॅमेऱ्याचं चित्रही हेल्मेटवरून चांगलं दिसतं. शिवाय तुम्ही जिकडे बघाल तिकडे तो बघतो, त्यामुळे उजवीकडून घुसणारी रिक्षाही त्यात येते, हँडलवरून ती येत नाही. फुल फेस हेल्मेट असेल तर हनुवटीवर लावा. डोळ्यांच्या सर्वांत जवळची रेषा तीच, आणि हँडल, मीटरचे काटे, हात सगळं चित्रात येतं. डोक्यावर उभा केलेला कॅमेरा वारा धरतो. ऐंशीच्या वेगात मान मागे ओढल्यासारखी वाटते, आणि पडलात तर तो रस्त्यात अडकायची भीती. बाजूला लावला तर मान एका बाजूला दुखते. दीडशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं दुकानात वाटतं, पुणे ते कोल्हापूर झाल्यावर तसं वाटत नाही.

हाफ हेल्मेटवर यातलं काहीच नीट बसत नाही. हाफ हेल्मेट वापरत असाल तर कॅमेऱ्याचे पैसे आधी चांगल्या फुल फेस हेल्मेटवर घाला. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. रस्त्याच्या कडेला टांगलेली अजून दिसतात, ती सोडा. आणि कॅमेऱ्यासाठी हेल्मेटला भोक कधीही पाडू नका, एक बारीक स्क्रूसुद्धा नको.

छातीवरचा पट्टा हा तिसरा पर्याय. पुढे झुकून बसायच्या गाडीवर त्यात निम्मी टाकीच दिसते. सरळ बसायच्या गाडीवर ठीक आहे.

पायरी ३ : आता कॅमेरा

बॉक्सवर "४के" लिहिलंय यावर जाऊ नका. खरं ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके. पाच-सहा हजारांच्या आतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर तेवढे ठिपके मोजतच नाही. ते १०८०पीचं, म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र घेतात आणि ताणून मोठं करतात. माहितीत कुठेतरी बारीक अक्षरात "इंटरपोलेटेड" असं लिहिलेलं असतं, ते शोधा. ते दिसलं तर तो कॅमेरा १०८०पीचा समजा आणि १०८०पीचेच पैसे द्या.

दुकानात परीक्षा सोपी आहे. मी पुण्यात तपकीर गल्लीत करतो तशी, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर करता येईल. दुकानाच्या दारात उभं राहायचं, समोरच्या दुकानाची पाटी आणि पाटीखालचा फोन नंबर चित्रात येईल असं धरायचं. आधी १०८०पीवर दहा सेकंद, मग ४केवर दहा सेकंद. दोन्ही फाइली मोबाइलवर घेऊन सारख्याच मोठ्या करून बघायच्या. फोन नंबर दोन्हींत सारखाच धुरकट असेल तर ४के नावापुरतं. दुकानदार "साहेब, टीव्हीवर बघा, फरक दिसेल" म्हणतो. म्हणू द्या.

पैसे खरे कुठे घालायचे, तर चित्र स्थिर ठेवण्यावर. याला ईआयएस म्हणतात. कॅमेऱ्यातला जायरो हलण्याची दिशा मोजतो आणि चित्र त्याच्या उलट सरकवतो, त्यासाठी कडेचा थोडा भाग कापला जातो. दोन गोष्टी विचारा. जायरो आहे का, आणि कोणत्या सेटिंगवर ईआयएस चालतं. स्वस्त कॅमेऱ्यांत ४के केलं की ईआयएस आपोआप बंद होतं, असं बरेचदा असतं. मग ते ४के घाटात काय कामाचं?

बजेटबद्दल माझं मत सांगतो, किमती सणासुदीला खालीवर होतात. पाच ते आठ हजारांत नव्या कॅमेऱ्यातून दिवसाउजेडी बरं १०८०पी मिळेल, रात्री नंबरप्लेट विसरा. दहा ते पंधरा हजार असतील तर मी नव्या अनोळखी ब्रँडपेक्षा सेकंडहँड गोप्रो घेईन. २०१८ च्या हिरो ७ ब्लॅक या गोप्रोच्या मॉडेलपासून त्यांचं हायपरस्मूथ, म्हणजे त्यांचं ईआयएस आलं, आणि तो जुना कॅमेरासुद्धा आजच्या नव्या सहा हजारवाल्यापेक्षा घाटात स्थिर चालतो. २०१९ च्या हिरो ८ पासून माउंटचे पाय कॅमेऱ्यालाच आले, वेगळी चौकट नको. पंचवीस हजारांच्या वर गेलात तर तो स्वस्तातला कॅमेरा राहत नाही, हा लेख तुमच्यासाठी नाही.

सेकंडहँड घेताना प्रत्यक्ष भेटून घ्या. बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा, डुगडुगली म्हणजे फुगलीय. स्वतःचं कार्ड सोबत न्या आणि सलग वीस मिनिटं रेकॉर्डिंग लावून समोर चहा प्या. तापून बंद पडणारा कॅमेरा तेवढ्यात उघडा पडतो. लेन्सच्या काचेवर ओरखडा आहे का ते आकाशाकडे धरून बघा. चार्जिंगच्या झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर पावसात तो कॅमेरा गेला.

पायरी ४ : कार्ड

इथे घाई नको. कार्डावर "व्ही३०" किंवा यू अक्षराच्या आत ३ असा आकडा पाहिजे. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिलं जाण्याची हमी. नुसतं "क्लास १०" म्हणजे १० मेगाबाइट. १०८०पीला तेवढंही चालतं, पण खऱ्या ४केला, जिथे सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट येतात, ते पुरत नाही आणि रेकॉर्डिंग मधेच तुटतं.

किती जीबी? साधा हिशेब. ३० मेगाबिटचं १०८०पी तासाला साडेतेरा जीबी खातं. ६४ जीबीत पावणेपाच तासांच्या आसपास बसतं, रोजच्या जाण्यायेण्याचे दोन-तीन दिवस. १०० मेगाबिटचं ४के तासाला ४५ जीबी, म्हणजे तेच ६४ जीबी पुण्याहून महाबळेश्वर गाठायच्या आत भरतं. घेण्याआधी कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड घेतो तेही बघा. काही स्वस्त कॅमेरे ६४ जीबीच्या पुढचं कार्ड ओळखतच नाहीत.

नकली कार्ड ओळखणं डोळ्यांनी जमत नाही. कार्ड आलं की लॅपटॉपला लावा, विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफथ्री हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि परत वाचून बघतं. ६४ जीबीला तासभर सहज लागतो, पण बिल ताजं असतानाच तो तास घालवा. मी तो तास वाचवला होता.

पायरी ५ : वीज

ॲक्शन कॅमेऱ्याची एक बॅटरी तासाभराची धरा, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. दोन जादा बॅटऱ्या आणि बाहेरचा चार्जर ही खरेदी कॅमेऱ्यासोबतच करा, नंतर त्या मॉडेलच्या बॅटऱ्या मिळेनाशा होतात.

हँडलवर असेल तर गाडीच्या यूएसबीवरून चालवता येतो. गाडीला यूएसबी नसेल तर १२ व्होल्टचं ५ व्होल्ट करणारा छोटा डबा गॅरेजमध्ये बसवून घ्या. मिस्त्रीला दोन गोष्टी आवर्जून सांगा. वायर किल्लीवरच्या लाइनीतून घे, आणि फ्यूज टाक. थेट बॅटरीतून घेतली आणि कॅमेरा रात्रभर चालू राहिला, तर सकाळी ढकलस्टार्ट. हिशेब करून बघा: स्कूटरच्या ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत सगळी मिळून ४८ वॅट-तास वीज असते. ५ वॅट खाणारा कॅमेरा दहा तासांत ती पिऊन टाकतो. डॅशकॅमवाले "पार्किंग मोड"ची, म्हणजे उभ्या गाडीवरही रेकॉर्ड करण्याची जाहिरात करतात, दुचाकीवर तो बंदच बरा.

यूएसबीची वायर लावलीत म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण उघडं, आणि झाकण उघडं म्हणजे वॉटरप्रूफ हा शब्द रद्द. जून ते सप्टेंबर एकतर वायर किंवा पाऊस, दोन्ही नाही.

पायरी ६ : चिकटवणं

हेल्मेटवरची चिकटपट्टी लावायला पाच मिनिटं लागतात आणि पकडायला तीन दिवस. थ्रीएमच्या व्हीएचबी या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची पकड वीस मिनिटांत निम्मी, चोवीस तासांत ९० टक्क्यांच्या आसपास आणि ७२ तासांनी पूर्ण होते. शनिवारी रात्री चिकटवून रविवारी पहाटे ताम्हिणीला निघालात, तर कॅमेरा ताम्हिणीतच राहील. बुधवारीच लावा.

जागा साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, त्याने हेल्मेटचं कवच कमजोर होतं. मॅट रंगाच्या हेल्मेटवर टेप नीट धरत नाही. तिथे हवेच्या झरोक्यांतून पट्टे ओवून बांधायचा चिनमाउंट घ्या, तो काढताही येतो. लावल्यावर व्हायझर पूर्ण उघडतोय का आणि हनुवटीचा पट्टा हातमोजे घालून सुटतोय का, हे घरीच बघा.

हँडलवर कॅमेऱ्याला एक दोरी बांधाच, मात्र क्लच-ब्रेकच्या लिव्हरपर्यंत किंवा चाकापर्यंत पोचणार नाही इतकी आखूड. हेल्मेटवर दोरी नको. तिथे धक्का बसला तर कॅमेरा सुटून गेलेलाच बरा.

सेटिंग, एकदाच करायच्या

फ्लिकर किंवा फ्रीक्वेन्सी असं काही दिसेल ते ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, ६० वर ठेवलंत तर रात्री रस्त्यावरच्या दिव्यांखाली चित्रात पट्टे पळताना दिसतात. लूप रेकॉर्डिंग, म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं, तीन किंवा पाच मिनिटांच्या तुकड्यांवर. १०८०पी, ६० फ्रेम (सेकंदाला ६० चित्रं), ईआयएस चालू. रात्रीच्या शहरात ३० फ्रेम, उजेड जरा जास्त मिळतो.

तारीख-वेळ लावा आणि दर आठवड्याला तपासा. स्वस्त कॅमेऱ्यात बॅटरी काढली की घड्याळ कधीकधी मागच्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर जातं. चौकीवर तसं फुटेज दाखवलंत तर पहिला प्रश्न त्यावरच येणार.

आवाज हवा असेल तर बाहेरचा माइक लागतोच, हेल्मेटच्या आत हनुवटीपाशी, स्पंजची टोपी घालून. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर चाळीसच्या पुढे फक्त वारा ऐकू येतो. माइकची पिन कॅमेऱ्याला थेट बसते की महागडा ॲडॅप्टर लागतो, हे कॅमेरा घेण्याआधी विचारा.

पावसात प्लॅस्टिकच्या बंद डब्यात आतून वाफ धरते. औषधाच्या किंवा बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी डब्यात बसेल तेवढी ठेवा. उन्हाळ्यात उलटी गत, अकोल्याच्या मे महिन्यात सिग्नलला उभ्या गाडीवर कॅमेरा तापून बंद पडतो. चालत्या गाडीवर वारा त्याला सांभाळतो, थांबलात की बंद करा.

पोलीस आणि कागद

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबाबत राज्याराज्यांत वागणूक वेगळी आहे. २०२२ साली केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटला कॅमेरा लावणाऱ्यांवर दंड आणि लायसन्स निलंबनाची कारवाई जाहीर केली होती. दक्षिणेकडे लांबची राइड असेल तर हँडलचा क्लॅम्प बॅगेत असू द्या. लष्करी हद्दीतून जाताना कॅमेरा बंद.

अपघात झालाच तर पहिलं काम कॅमेरा बंद करणं. लूप चालू राहिला तर तोच पुरावा काही तासांनी पुसला जातो. मग कार्ड बाहेर काढा, खिशात घाला आणि घरी जाऊन कॉपी करा. मूळ कार्ड तसंच बाजूला ठेवा, व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल म्हणजे मूळ नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार कोर्टात अशा फाइलसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचं वकील बघतील. तुमच्याकडे कार्ड शाबूत पाहिजे.

माझ्याकडे आता सेकंडहँड कॅमेरा हनुवटीवर आहे आणि तपासलेली दोन कार्डं आहेत. एक कॅमेऱ्यात आणि एक पाकिटात, लायसन्सच्या मागे. महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी धुताना कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करतो, मोबाइलवर नाही. मग सोसायटीच्या गेटपर्यंत एक फेरी मारून ती फाइल उघडते का बघतो. वॉचमनकाका दर वेळी हात हलवतात. माझ्याकडे त्यांचं वर्षभराचं फुटेज आहे.